बद्द वाजला तर

कुंभारीच्या रस्त्याला एक बंद पडलेली खडीची खाण होती.
चाळीस फूट काळा दगड, अंगावर सुरुंगाचे उभे व्रण,
तळाशी हिरवं पाणी, पाण्यात कुणाची तरी एक चप्पल.
सोलापुरात डोंगर नाहीत.
आम्ही खड्ड्यालाच डोंगर म्हणायचो.

त्या रविवारी सुभान आला नाही, आणि दोर त्याच्याकडे.
मी तशीच चढले.
एकोणीस वर्षांची, कुणावर तरी रागावलेली.
कुणावर ते आता आठवत नाही. राग आठवतो.

तीस फुटांवर उजवा पाय लटपटू लागला,
गल्लीतल्या मागाच्या धोट्यासारखा,
जा-ये, जा-ये, थांबेचना.
वर हात पुरेना.
खाली बघितलं की पाणी जवळ यायचं.
एप्रिलचा दगड, बोटांखाली घाम.

"आगु."

ओरडून नाही.
दूध उतू जाताना चुलीपुढची बाई बोलते, तसं.
आगु म्हणजे थांब. पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही
एवढं तेलुगू येतं.

"वर कशाला चढलालीस पोरी? खजिना हाय का तिथं?"
"नाही."
"मग उतर की."
"उतरता येईना."
"हां," ती म्हणाली,
जणू मी काहीतरी शहाणपणाचं बोलले होते.

तिनं पाटी खाली ठेवली, चपला पाटीत ठेवल्या,
ओचा खोचला, आणि कडेच्या तुटक्या पायरीवरून
माझ्या पायांखालपर्यंत आली. एका हातात हातोडी.

ठप्प.
"ह्यो बद्द वाजतोय. आतनं फुटलाय. ह्याला पाय देऊ नको."
ठण्ण.
"ह्यो बघ. माझ्या सासूगत. हलायचा नाही."

मी हसले. हसल्यावर पाय थांबला.

मग ती वाजवत गेली आणि मी उतरत गेले.
एकदा चुकून तिच्या बोटांवरच उभी राहिले.
ती काही बोलली नाही,
खाली आल्यावर हात झटकला फक्त.

माझ्या कमरेची पिशवी तिनं हुंगून पाहिली.
"पावडर? तोंडाची?"
"हाताची."
खोकला येईपर्यंत हसली.
खडीची भुकटी तळव्यावर चोळून दाखवली:
"आमची फुकट हाय."

फडक्यात एक भाकरी होती, वर शेंगाचटणी.
"खा. मी जेवलेय."
मी खाल्ली. नाव विचारलं नाही.
तिनं माझं विचारलं. शर्वरी तिला लांब वाटलं.
"सरवम्मा," ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

त्यानंतर पुष्कळ कडे चढले, पक्क्या दोरानं,
चांगल्या माणसांबरोबर.
तरी पाय द्यायच्या आधी बोटाच्या पेरानं
दगड वाजवल्याशिवाय राहवत नाही.
सवयच लागली. माठ वाजवते, कलिंगड वाजवते,
नव्या फ्लॅटची भिंत वाजवली तेव्हा बिल्डर बघतच राहिला.
एका माणसाचं बोलणंही वाजवून पाहिलं होतं.
बद्द वाजलं. तरी पाय दिला.
त्यात तिचा काही दोष नाही.

यंदा दिवाळीत गेले होते.
खाण बुजवलीय. प्लॉट पाडलेत, चुन्याच्या रेघा, तारेचं कुंपण.
वॉचमन म्हणाला, "कुठली म्हातारी?
दगड फोडायला लई जणी होत्या."
मी वाकून जमीन वाजवली.
भरावाची माती. काहीच वाजलं नाही.
"काय हरवलं का, मॅडम?"

परतीच्या सिटी बसमध्ये,
पुढच्या सीटवरच्या बाईनं डबा उघडला,
शेंगाचटणीचा वास आला,
आणि सव्वीस वर्षांनी डोक्यात उजेड पडला:

सकाळचे अकरा वाजले होते.
एकच भाकरी.
अख्खी.
घडीसुद्धा मोडलेली नव्हती.